मिरी उंदरी आणि गलबताच्या पोटातला तिळू

खाडीच्या काठी एक घर होतं. घरात एक बीळ होतं. बिळात राहायची मिरी उंदरी. केवढी? मिऱ्याच्या दाण्याहून जराशीच मोठी!

मिरीला चार पिल्लं होती. एकदा पाऊस आला. धो धो धो! बिळात पाणी शिरलं. बुडुक बुडुक. एक पिल्लू गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं. मिरीने चौथं पिल्लू तोंडात धरलं आणि ती वर पळाली. तुरु तुरु तुरु तुरु.

त्या चौथ्या पिल्लाचं नाव तिळू.

वरच्या खोलीत बसायचा हिराजी तांडेल. तांडेल म्हणजे गलबत चालवणारा. पण हिराजीचं गलबत वादळात बुडालं होतं. हिराजी पोहत आला. त्याचा धाकटा भाऊ आला नाही. तेव्हापासून हिराजी समुद्रावर गेला नाही. फारसा बोललाही नाही.

मग त्याच्या लेकीने शहरातून एक खोका पाठवला. खोक्यात काय होतं? गलबत! खेळण्यातलं, छोटंसं. पण सुटं सुटं. एक कणा. बारा बरगड्या. पट्ट्याच पट्ट्या. दोन डोलकाठ्या. दोऱ्याचं रीळ. शिडाचं पांढरं कापड. आणि एक मोठा कागद. हे कुठे लावायचं, ते कुठे लावायचं, सगळं त्यावर काढलेलं.

हिराजी रोज बसायचा. सरस लावायचा. सरस म्हणजे सुतारांचा चिकट चिकट डिंक. सरस चपक! पट्टी खट्ट! सरस चपक! पट्टी खट्ट! कण्याला बरगड्या लागल्या. बरगड्यांना पट्ट्या लागल्या. गलबताला पोट आलं.

मिरीने पोटात डोकावून पाहिलं. आत लाकडाचा भुसा. मऊ मऊ. कोरडा कोरडा. तिने तिळूला तिथे ठेवलं.

"नीज हं सोन्या. मी दाणा घेऊन येते."

मिरी गेली तुरु तुरु. मिरी आली तुरु तुरु. बघते तर काय!

गलबतावर फळी! सरस चपक! फळी खट्ट! कुठे फट नाही. कुठे भोक नाही. आणि आतून आवाज,

चीं चीं चीं चीं चीं चीं!

मिरीच्या तोंडातला दाणा पडला. तिने फळी कुरतडली. कुर्र कुर्र कुर्र. फळी कठीण. टक्! मिरीचा एक दात मोडला. फळी तशीच.

मिरी गेली हिराजीकडे.

"हिराजीदादा, हिराजीदादा, फळी उचला ना!
माझा तिळू बाहेर येईना!"

हिराजीने गलबतावर हात ठेवला.

"माझं एक गलबत फुटलं, मिरे. हे दुसरं मी फोडणार नाही. सरस आपणहून सुटला, तर फळी उचलीन. सुटला नाही, तर नाही."

आतून आवाज आला, चीं चीं चीं चीं चीं.

मिरी पळाली तुरु तुरु तुरु. सरसाकडे गेली.

"सरसदादा, सरसदादा, सूट ना!
हिराजीदादा फळी उचलीना,
माझा तिळू बाहेर येईना!"

सरस म्हणाला, "मी चिकटतो. सुटत नाही. चिकटणं हेच माझं काम. मला कढत पाणी पाज, मग सुटतो. गार पाणी नको. कढत!"

आतून आवाज आला, चीं चीं चीं चीं.

मिरी पळाली तुरु तुरु तुरु. तपेलीतल्या पाण्याकडे गेली. पाणी बघून मिरी थरथरली. पाण्यानेच तिची तीन पिल्लं नेली होती. तरी ती तपेलीच्या काठावर चढली.

"पाणीदादा, पाणीदादा, ताप ना!
सरस काही सुटेना,
हिराजीदादा फळी उचलीना,
माझा तिळू बाहेर येईना!"

पाणी म्हणालं, डुबुक, "मी बरं आहे. गार आहे. उगाच का तापू? चूल पेटली तर तापेन."

"तीन तर तू नेलीस," मिरी म्हणाली.

पाणी नुसतं हललं, डुबुक.

आतून आवाज आला, चीं चीं चीं.

मिरी पळाली तुरु तुरु तुरु. चुलीपाशी भानूबाय बसली होती. भानूबाय म्हणजे हिराजीची बायको. ती फुंकत होती. फू फू फू. धूर धूर आणि धूर. डोळे लाल लाल.

"भानूबाय, भानूबाय, चूल पेटव ना!
पाणी काही तापेना,
सरस काही सुटेना,
हिराजीदादा फळी उचलीना,
माझा तिळू बाहेर येईना!"

"अगं बाय माझे," भानूबाय म्हणाली, "सकाळपासून फुंकतेय. लाकडं ओली. गोवऱ्या ओल्या. घरात चहासुद्धा झाला नाही. चार कोरड्या काटक्या आण, आता पेटवते."

मिरीने कान टवकारले. आतून आवाज आला, चीं चीं.

दोनच!

मिरी पळाली तुरु तुरु तुरु. पडवीत आली. कौलांखाली कावळ्याचं घरटं होतं. काटक्याच काटक्या. सगळ्या कोरड्या. मिरी खांबावर चढली. घसरली. पुन्हा चढली.

"कावळेदादा, कावळेदादा, काटकी दे ना!
भानूबाय चूल पेटवीना,
पाणी काही तापेना,
सरस काही सुटेना,
हिराजीदादा फळी उचलीना,
माझा तिळू बाहेर येईना!"

"काव! फुकट काही मिळत नाही, काव!" कावळा म्हणाला. "चार दिवस पाऊस. चार दिवस पोट रिकामं. मला सुका बोंबील आण, मग काटकी देतो."

मिरीने पुन्हा कान टवकारले. पाऊस पडत होता. टप टप टप. त्यातून अगदी बारीक आवाज आला.

चीं.

एकच.

सुके बोंबील कुठे होते? अंगणातल्या खोपीत. टोपलीत. आणि टोपलीवर कोण बसलं होतं? मनी मांजर.

हो! मांजर!

मिरी खोपीच्या दारात थांबली. पाय पुढे जाईनात. आत दोन डोळे चमकले. हिरवे हिरवे. मिरीने डोळे मिटले आणि ती आत गेली. तुरु. तुरु. तुरु.

"मनीताई, मनीताई, बोंबील दे ना!
कावळा काटकी देईना,
भानूबाय चूल पेटवीना,
पाणी काही तापेना,
सरस काही सुटेना,
हिराजीदादा फळी उचलीना,
माझा तिळू बाहेर येईना!"

मनीने जांभई दिली. दात दिसले. केवढे दात!

"तुझा तिळू," मनी म्हणाली. "माझी पण होती तीन पिल्लं. कोणी तरी आलं. पोत्यात घातली. खाडीपलीकडे नेली. मी ओरडले. कोणी आलं का? कोणी नाही आलं."

"माझीही तीन गेली," मिरी म्हणाली.

मनीने शेपटी पायांभोवती गुंडाळली. मग म्हणाली, "माझं पोट थंड पडलंय. तिथे माझी पिल्लं निजायची. तू ये. माझ्या कुशीत नीज. मला ऊब आली, की बोंबील देते."

मिरी दाराकडे सरकली. पुन्हा पुढे आली.

"मनीताई, मला खाशील का?"

"ठाऊक नाही," मनी म्हणाली.

मिरीने एकदा घराकडे पाहिलं. कान दिला. पाऊस टप टप टप. बाकी काही नाही. एकही चीं नाही.

मग मिरी गेली. मांजराच्या कुशीत गेली. मनीने वर पंजा ठेवला. पंजा जड. पंज्यात नखं. मिरीचं काळीज धडधड धडधड. ती हळूच पुटपुटत राहिली,

"मनीताई पंजा काढीना,
कावळा काटकी देईना,
भानूबाय चूल पेटवीना,
पाणी काही तापेना,
सरस काही सुटेना,
हिराजीदादा फळी उचलीना,
माझा तिळू बाहेर येईना…"

घुर्र, मनीच्या पोटातून आवाज आला. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र घुर्र. मनीने मिरीचं डोकं चाटलं. जीभ खरखरीत. एकदा चाटलं. दोनदा चाटलं. जसं पिल्लाला चाटतात, तसं.

मग मनीने पंजा उचलला.

"जा," ती म्हणाली. "पटकन जा. मी पुन्हा मांजर होईन."

आणि तिने टोपलीतून एक बोंबील खाली टाकला. थप्प!

मिरीने बोंबील ओढला. सर्र सर्र सर्र. बोंबील मिरीहून लांब. चिखलातून ओढला. पायरीवरून ओढला. कावळ्याला दिला.

कावळ्याने बोंबील खाल्ला, मचक मचक. काटक्या टाकल्या, कट कट कट कट.

काटक्या भानूबायला मिळाल्या. फू फू फू. भस्स! चूल पेटली.

चुलीवर तपेली ठेवली. पाणी तापलं. आधी सूं सूं. मग खद खद खद.

"अहो," भानूबायने हाक मारली. "पाणी कढलं. फडकं आणा."

हिराजीने गलबताला कान लावला, आत चीं नाही. त्याने घाईने फडकं बुडवलं. पिळलं. हात भाजला, तरी पिळलं. फळीवर ठेवलं. सरस कढत पाणी प्यायला. पचक. पुन्हा फडकं. पचक. पुन्हा फडकं. पचक.

सरस मऊ झाला. सरस ओघळला. सरस सुटला!

हिराजीने फळीखाली सुरीचं टोक घातलं. हळू. अगदी हळू. करकर… करकर… टुक्! फळी वर आली.

मिरीने आत उडी मारली.

भुशात तिळू पडला होता. डोळे मिटलेले. पाय पोटाशी. हलत नव्हता. चीं नाही. काही नाही.

मिरीने त्याला चाटलं. तिळू हलला नाही. पुन्हा चाटलं. तिळू हलला नाही.

हिराजी मागे सरला. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "उशीर झाला," तो म्हणाला. "माझ्याकडून नेहमी उशीर होतो."

"असं नका बोलू," भानूबाय म्हणाली. तिने चुलीशी हात शेकले. गरम गरम हात. तळहातावर तिळूला घेतलं. वर दुसरा हात ठेवला. मिरी तिच्या मनगटावर चढून बसली.

कोणी बोललं नाही. कावळा बोलला नाही. तपेली बोलली नाही. पाऊस तेवढा पडत होता. टप. टप. टप.

आणि मग भानूबायच्या हातात काही तरी हललं. इतकंसं. तिळाएवढं.

चीं.

"अहो, इकडे बघा," भानूबाय म्हणाली. "अहो, बघा तरी!"

हिराजी वळला. वाकला. त्याचे डोळे भरले. किती तरी दिवसांनी तो मोठ्याने बोलला.

"आलं! एक तरी बाहेर आलं गं!"

चीं चीं, तिळू म्हणाला. भूक लागली होती ना त्याला!

मिरीची तीन पिल्लं काही परत आली नाहीत. मनीचीही आली नाहीत. हिराजीचा भाऊ आला नाही. तिळू मात्र आला. मिरीने त्याला कुशीत घेतलं. तिळू दूध प्यायला लागला. चुक चुक चुक चुक.

दुसऱ्या दिवशी हिराजीने डोलकाठ्या उभ्या केल्या. शीड बांधलं. दोरे ओढले. भानूबाय म्हणाली, "अहो, ती फळी राहिली. ती लावा, म्हणजे गलबत पुरं होईल."

हिराजीने फळी हातात घेतली. इकडून पाहिली. तिकडून पाहिली. मग खिडकीत ठेवून दिली.

"राहू दे उघडं," तो म्हणाला. "आत कोणी असलं तर?"

गोष्ट लागली काठाला,
तिळू लागला पोटाला.