गौरीपुढचा शब्द

चैत्रगौर झोपाळ्यावर बसली, की मला ही खाडीकाठची हकिगत हटकून आठवते.

द्वारकाचे वडील हबशी तांडेल आणि आई कोळीण. ती सून होऊन गावात आली आणि पहिल्याच चैत्रात इनामदारीणबाईंनी तिला हळदीकुंकवाचं खास बोलावणं धाडलं. सासू भागीरथीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. "एरवी आपल्याकडे ढुंकूनही न बघणारी बाई आजच एवढी गोड कशी झाली गं?"

कारण तिथे गेल्यावर कळलं. नव्या सुना एकेक करून गौरीला कुंकू वाहत होत्या. द्वारकाची पाळी आली, तशा बाई हसून म्हणाल्या, "आता दोगलीनं पुढे यावं."

उठावं, तर जन्मभर तेच नाव चिकटणार. बसून राहावं, तर गौरीचं कुंकू चुकणार.

"रागावू नकोस हो," बाई म्हणाल्या. "मिश्र रक्ताला आमच्या आजेसासूबाईंपासून हाच शब्द आहे. त्यात अपमान कसला?"

द्वारका जागची हलली नाही. "बाईसाहेब, हे कुंकू कसं केलंत?"

बाईंनी संशयानं पाहिलं. "घरीच केलंय, हळदीत चुना कालवून. का?"

"मग त्याला दोगली हळद का नाही म्हणत?"

"काहीतरीच तुझं. गौरीच्या पुढ्यात कुंकवाला असं बोलतात होय?"

"मीही तेच म्हणते, बाईसाहेब."

बाईंनी कुंकवाचा करंडा उचलून तिच्यापुढे धरला. मग हळूच म्हणाल्या, "द्वारका, ये बाई. गौर खोळंबलीय."