पंख्यावरचं नाव

विदर्भातलं एप्रिलचं ऊन म्हणजे नुसती भट्टी, आणि विद्यापीठाच्या अभ्यासिकेतले पंखे दुपारी बारा ते चार बंद! आता बोला! जुने पंखे वीज फार खातात म्हणून खुद्द कुलगुरू बुरघाटे सरांनीच तसा हुकूम काढलेला. परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोरं घामानं वह्या भिजवत बसलेली.

विद्यार्थी परिषदेची सचिव शलाका ठवकर हिनं तोड काढली. परिषदेच्या निधीतून कमी विजेचे नवे पंखे घ्यायचे, म्हणजे दिवसभर फिरले तरी बिल वाढायचं नाही. अडलं ते कुलगुरूंच्या सहीपाशी. सरांना त्याच निधीतून हवी होती रोषणाईची कमान, आणि तिच्यावर स्वतःच्या नावाची ठळक पाटी!

भरसभेत सर गरजले, "अगं पोरी, पंख्यावर माझं नाव कुठं लावशील? तेवढं सांग, आत्ता सही करतो!"

सगळ्यांच्या माना शलाकाकडे वळल्या. तिचे डोळे हसत होते.

"सर, नाव तर कधीचंच लागलंय! रोज दुपारी बंद पंख्याकडे बघून अख्खी अभ्यासिका तुमचंच नाव घेते. आता फक्त त्या नावासोबतचे शब्द तेवढे बदलायचेत."

सभेत खसखस पिकली. प्राध्यापकांनी तोंडाला रुमाल लावले. सर हळूच पुढं वाकले.

"सध्या काय शब्द असतात गं?"

"सांगू, सर? इथं, सगळ्यांसमोर?"

"नको, नको!" म्हणत सरांनी घाईघाईनं पेन उघडलं आणि सही ठोकली.