धुरपाच्या शेळ्या आणि राजाचे खिलार

धुरपाचं कुणी खरं मानलं असेल तर शपथ! भैरवसेन राजाच्या गोठ्यातल्या खिलार बैलांच्या बरगड्या दिसत होत्या आणि या विधवा बाईच्या शेळ्या टुमटुमीत. तेव्हा कारभारी हैबतरावांनी तिला चाराचोर ठरवून दरबारात उभं केलं. शेळ्या चोपणावरचा पाला खातात, असं ती घसा कोरडा करून सांगत होती. चोपण म्हणजे गावाबाहेरची खारट, मिठानं पांढरी पडलेली जमीन. तिथं काही उगवतं म्हटल्यावर दरबार पोट धरून हसला.

हसणारच. त्याच चोपणासाठी राजानं चाऱ्याचं बी निवडलं होतं, तेही थाटात. राजबागेत मांडव घातला, वाफ्यांना गोडं पाणी दिलं, राजा लोडाला टेकून बसला आणि सगळ्यांत लुसलुशीत दिसला म्हणून लसूणघास पसंत केला. तो चोपणावर पेरला नि उगवता उगवताच करपला. आता खापर फोडायला कुणीतरी हवं होतंच.

राजा हट्टी. म्हणाला, तिथं तगणारा चारा आज दाखव, नाहीतर शेळ्या मुदपाकखान्यात.

धुरपानं एवढंच मागितलं की निवड पुन्हा करावी, पण चोपणावर, भर दुपारी. सरकारांनी लसूणघासाची कुंडी शेजारी घेऊन बसावं. छत्री नको, पाण्याची झारी नको. चाऱ्याला कुठं मिळणार आहे?

राजा बसला. थोड्याच वेळात घासानं मान टाकली. राजाचीही टाकायच्या बेतात आली.

"पाणी आणा रे!"

"कुणाला, सरकार?" धुरपानं विचारलं. "घासाला का तुम्हांला?"

उत्तराच्या आधी, चारा चाखायला सोबत आणलेल्या खिलारांनी दावी हिसडली. चोपणाच्या पलीकडच्या कडेला शेवरी नि मटकी हिरवीगार उभी होती, ती त्यांनी ओरबाडायला घेतली.

"हे कुणी निवडलं?" राजानं विचारलं.

"मी फक्त नाना तऱ्हेचं बी मिसळून फेकलं. मेलं ते मेलं, राहिलं ते निवडलं. सरकार, तुम्ही बी निवडलं का पोरगी बघितली? नटवून मांडवात बसवली, गोरीपान म्हणून पसंत केली. नांदायची होती उन्हात!"

मग बैल उपाशी कुणामुळं, असं राजानं दरडावलं. हैबतरावांनी राजबागेच्या माळ्याकडं बोट केलं, माळ्यानं आभाळाकडं.

धुरपा म्हणाली, "मांडव कुणासाठी घातला होता, ते विचारा की. घासानं तर मागितला नव्हता."

राजा असा हसला की बैलांनी चरायचं सोडून वर बघितलं. चोपण धुरपाला इनाम मिळालं, सरकारी गोठ्याचा चाराही तिच्याच हाती आला.

दोषी कोण, ते गावाला सांगायला दवंडीवाला बोलावला. नाव ऐकून तो मागच्या मागं सरकायला लागला.

"घाबरतोस काय?" राजा म्हणाला. "घसा मोकळा कर आणि नीट सांग: महाराज भैरवसेन."