चार बोटं जास्त

“नव्या सुनेलाच करू बायकांची प्रतिनिधी. ती काही बोलतच नाही.”

मठाच्या पायरीवर चपला काढताना व्यंकय्याशेठ आपल्या मुलाला, नरेशला, हळूच म्हणाले. हळूच म्हणजे त्यांच्या मते. मागे केळ्यांची पिशवी धरून उभ्या असलेल्या रेवतीला सगळं नीट ऐकू आलं. या घरात आपलं कौतुक आपल्या पाठीमागेच होतं, एवढं तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

आत अप्पास्वामी घोंगडीवर बसले होते. शेठनी आपल्या कारखान्यातला, परदेशी जाणारा कोरा टॉवेल त्यांच्यापुढे ठेवला आणि अडचण मांडली. सोलापूरचा माल ज्या देशात जातो, त्याच्याशी सरकारनं नवा व्यापार करार केला होता. त्यांनी माल कमी जकातीत घ्यायचा तर कामगारांनी आपला प्रतिनिधी आपणच निवडलेला हवा, आणि कुणाला कोंडून काम करून घ्यायचं नाही. उद्या तिकडचा तपासनीस येणार होता.

कोंडणं रेवतीला ठाऊक होतं. शोभेपुरती का होईना, आठवडाभर तिला शिलाईखात्यात बसवलं होतं. टॉवेल चोरीला जाऊ नयेत म्हणून कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कडी लागे. बायकांनी पोचम्माला निवडलं होतं. शेठनी ते मनावरच घेतलं नव्हतं.

“दाराचं तेवढं बोल गं,” पोचम्मा काल तिला म्हणाली होती. “आग लागली तर आम्ही काय खिडकीतनं उडायचं?”

“अप्पा, त्यांनी निवडला काय, मी नेमला काय, प्रतिनिधी तो प्रतिनिधी,” शेठ म्हणत होते. “यात पाप आहे का?”

स्वामींनी टॉवेल उचलला. कमरेला गुंडाळून पाहिला.

“पुरत नाही.”

नरेश गडबडला. टॉवेल दोन माणसांना पुरून उरला असता.

“धुतल्यावर आटेल?” स्वामींनी शेठना विचारलं.

“कापूस आहे, अप्पा. आटणारच. म्हणून तर मागावरच चार बोटं जास्त धरतो.”

“आणि करार? समुद्रापलीकडून आला म्हणतोस. भिजला असेल…”

“करार कागदाचा असतो, अप्पा.”

“तुझ्या शिलाईखात्याच्या दाराशी पोचला तेव्हा किती उरला?”

शेठनी नरेशकडे पाहिलं. नरेशनं टॉवेलकडे.

…

मग शेठ सावकाश मान डोलवू लागले, सगळं उमगल्यासारखे. ते पाहून नरेशही. रेवतीची मान तर सवयीनंच हलणार होती. तेवढ्यात स्वामींनी टॉवेल कमरेचा सोडला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला. जड होता. याचं काय करायचं, तिला कळेना.

“मला काही कळलं नाही,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला जरा परका वाटला. “पण मामा, उद्या मी प्रतिनिधीच्या खुर्चीत बसले तर ती कडी मीच लावल्यासारखं होईल. पोचम्माला बसवा. ती बोलते.”

शेठची डोलणारी मान थांबली.

…

स्वामींनी तिच्या हातातला टॉवेल घेतला, पुन्हा कमरेला गुंडाळला.

“आता पुरतोय. चार बोटं हिनं वाढवली.”