वाट्याने दिलेल्या कोंबड्या

एका वाडीत कौसाबाई नावाची बाई राहत असे. तिच्याजवळ अंडी देणाऱ्या तीस कोंबड्या होत्या आणि त्यांचा तिला भारी तोरा. गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले, की ही खुराड्याला कडी घालून म्हणायची, "सुई लागली की आठ दिस अंडी बंद. माझ्या कोंबड्यांना काय धाड भरलीय?" तिचे बघून वाडीतल्या बाकीच्या बायकाही लस टाळायच्या.

धाड भरली ती त्याच उन्हाळ्यात. एका सकाळी एक कोंबडी मान पिळवटून मरून पडलेली दिसली. ही मानमोडीची साथ, हे कौसाबाईने ओळखले. तिने कोंबडी परसात पुरली आणि तोंडाला कुलूप लावले.

त्या वाडीत कोंबडी वाट्याने द्यायची रीत होती. कोंबडी मालकिणीची, सांभाळ दुसरीचा, पिल्ले निम्मी निम्मी. कौसाबाईला वाटले, कोंबड्या दहा घरी पांगल्या तर निदान काही जगतील. कधी कुणाला पीससुद्धा न देणारी ही बाई दारोदार कोंबड्या वाटत सुटली.

शेजारची ठकूबाई एकटी होती. पाच कोंबड्यांच्या अंड्यांवर तिची मीठ-मिरची चालायची. तिने विचारले, "कौसाक्का, पाखरं धड हायत न्हवं?"

"धड नसती तर तुला दिली असती व्हय?" कौसाबाई म्हणाली. आणि तिने आपल्या कोंबड्या ठकूबाईच्या खुराड्यात सोडल्या.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. आठवड्याभरात घरोघरी माना वाकड्या झाल्या. पंधरवड्यात सगळी खुराडी ओस पडली. कौसाबाईचीही एकही कोंबडी जगली नाही.

मग ठकूबाई तिच्या दारी आली. पदरात सात अंडी होती.

"आक्का, तुझी ठेव माझ्या हातनं राखली गेली न्हाई. वाट्याची कोंबडी मेली तर भरून द्यावी, अशी रीत हाय. माझ्याकडं एवढीच ऱ्हायलीत. घे."

कौसाबाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण खरे सांगायचे सोडून तिने टोपली पुढे केली. तिने अंडी घेतली.

ती अंडी टोपलीतच नासली. त्यांवर बसायला साऱ्या वाडीत एकही खुडूक कोंबडी उरली नव्हती.

तात्पर्य: घरची रोगराई लपवून शेजाऱ्याच्या पदरात घातली, तर घर वाचत नाही आणि शेजारही बुडतो; मागून आलेली लाज कुणाच्याच कामाची नसते.