तळ्याला घातलेली हाक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तळ्यांना ऐकू यायचं. अशाच एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळ्यावर बाराही महिने धुकं. कुणाला काही हवं असलं, की तो काठावर उभा राहून त्या वस्तूचं नाव घेई आणि धुक्यातून होड्या येत. एकीला हाक मारावी, तर दहा येत.

गाव भलतंच सभ्य. पाहुण्याचं बोलणं मध्येच तोडायचं नाही आणि तो श्वास घ्यायला थांबला की "बरं" म्हणायचं, अशी तिथली रीत होती. त्याचं बोलणं कानात शिरलं की नाही, हे कुणी विचारत नसे.

त्या गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहायची. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याचं निळं पागोटं तिने जपून ठेवलं होतं. लेकीचं लग्न ठरलं, तसं तिने ते पागोटं मधोमध घालून गोधडी शिवायला घेतली. सासरी लेकीला बापाची ऊब मिळावी, एवढंच तिला हवं होतं. काठ तेवढा राहिला आणि निळा दोरा संपला. लग्न दहा दिवसांवर आलं होतं.

ती काठावर गेली आणि म्हणाली, "निळा दोरा."

सगळ्यांच्या पुढे एक होडी आली, दिव्यांनी लखलखलेली. तिचा नावाडी मधाळ आवाजात म्हणाला, "घ्या ताई. थेट रंगाऱ्याच्या घरचा दोरा, आणि फुकट."

गावाला दोरे रंगवून देणाऱ्या खुद्द रंगाऱ्याची साधी होडी लांबवर हळूहळू वल्हं मारत येत होती. पण तेवढा वेळ थांबतंय कोण?

"सोबत एक पेटी देतो," नावाडी म्हणाला.

"बरं."

"ती तुमच्या घरातच राहील."

"बरं."

"तिच्यात काय आहे, ते आम्ही सांगत नाही."

"बरं," बाई म्हणाली. तिचं सगळं लक्ष दोऱ्यात होतं.

पेटी चंदनाची होती. तिच्या वासाने घराला गुंगी आल्यासारखं झालं. गोधडी पुरी होताच बाईने ती त्याच पेटीत ठेवली. तीन दिवसांनी झाकण उघडलं, तर आत कापड खाणारी कसर वळवळत होती. पागोट्याची पार चाळण झाली होती.

बाईने पेटी तळ्यात बुडवली. सकाळी पेटी पुन्हा उंबऱ्यात, आणि शेजारी आणखी दोन लहान पेट्या.

शेवटी ती रंगाऱ्याच्या घरी गेली. "मामा, तो तुमचंच नाव सांगत होता हो."

"माझं नाव कुणीही सांगेल," म्हातारा म्हणाला. "आज माझ्या दाराशी आलीस, तशी तेव्हा आली असतीस तर? आता पेट्या जाळ. घरातलं सगळं कापड उकळत्या पाण्यातून काढ. एक चिंधी राहिली, तरी पुन्हा पहिल्यापासून."

मायलेकी दोन दिवस चुलीपुढे राबल्या. कसर गेली. पागोट्याचा तळहाताएवढा तुकडा उरला, तोही फिकट.

लेकीने तो नाकाशी धरला. "आई, याला बाबांचा वास होता गं."

"होता," आई म्हणाली. त्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

तुम्ही म्हणाल, असं कुठे तळं असतं का? असतं तर. मोबाइलवर आपण काहीबाही शोधतो, सगळ्यांत वर दिसेल ते उतरवून घेतो, आणि खालचं अक्षरही न वाचता होकाराचं बटण दाबत सुटतो. लहानांनी हे लक्षात ठेवावं. मोठ्यांनी तर जरा जास्तच.

बोध: हाकेला आधी धावून येतो तो आपला नव्हे, वस्तू ज्याची त्याच्याच घरून आणावी, आणि पुरतं समजल्याशिवाय कशालाच "बरं" म्हणू नये.