विहीर झाली, पुढे चला

"…आणि आंघोळ कधी करणार?" माईनं विचारलं.

"कुठे, माई?"

"कुठेही. सकाळी पॅरिस म्हणतेस, दुपारी ब्रुसेल्स, रात्री ॲमस्टरडॅम. उठलात की पुन्हा गाडी. म्हणून विचारते."

"जमेल तेव्हा करू," कुमुदिनी म्हणाली. "एकाच सहलीत सगळा युरोप बसवलाय मी. माझ्या वहिनीनं नुसतं लंडन केलं तर वर्षभर ऐकवते. मी तिला रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, सगळं करून दाखवणार आहे."

कुमुदिनी सांगलीला शाळेत मुख्याध्यापिका होती. रिटायर झाली, पण घंटा डोक्यात वाजतच राहिली.

माईची मठी कृष्णेकाठी. माई उंच, काळी, हसरी. कुणाचं काही अडलं की लोक तिच्याकडे येत. कुमुदिनीचा नवरा मधुसूदन बाहेर पायरीवर गुडघे चोळत बसला होता.

"हे यायलाच नाही म्हणतात, माई. लग्न झाल्यापासून बोलत होतो, एकदा दोघंच लांब जाऊ. आता वेळ आली तर अडून बसले. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"म्हणतो काय?"

कुमुदिनीनं तोंड फिरवलं.

"म्हणतात, मला बायकोबरोबर फिरायचंय, बायकोमागे पळायचं नाही."

माई उठली. पदर खोचला.

"सांगते त्याला. आधी माझी मठी बघून घ्या दोघं."

बाहेर येऊन तिनं मधुसूदनला उठवलं, आणि माई पळतच सुटली.

"ही विहीर. झाली, पुढे चला. हा गोठा, ही गाय. झाली. हे देवघर. चपला काढू नकोस, वेळ जातो. बाहेरूनच हात जोड. झालं. हा आंबा, वर बघू नकोस, मान दुखेल…"

कुमुदिनी धापा टाकत मागे. पदर कुंपणाला अडकला तो तसाच ओढला, टर्रकन फाटला.

"झाली मठी," माई थांबली. "काय बघितलंस?"

"तुमची पाठ."

"बरी आहे ना?"

कुमुदिनीला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण फार दाबता आलं नाही.

मग तिनं मागे पाहिलं. नवरा नव्हता. तो विहिरीपाशीच राहिला होता. कठड्यावर बसून खाली वाकून कोणाशी तरी बोलत होता.

"अहो, कोण आहे तिथे?"

"कासव. चांगलं म्हातारं आहे गं. आत्ता खाली गेलं."

"विहीर तर मीही बघितली."

"हो ना. तुझी झाली."

कुमुदिनी परत विहिरीपाशी आली.

विहिरीत डोकावली. हिरवं पाणी, दुसरं काही नाही. ती त्याच्या शेजारी टेकली. बराच वेळ बसून राहिली.

"रोम आणि व्हेनिस," ती म्हणाली. "बाकीचं सगळं काढून टाकते. आहोत तिथे नीट राहू. येणार?"

"आणि वहिनी?"

"वहिनी गेली खड्ड्यात."

मधुसूदननं तिच्याकडे नीट बघितलं. ती खरंच बोलत होती.

"मग येतो. पण सकाळी दोनदा चहा घेतल्याशिवाय हलणार नाही."

"तीनदा घ्या."

तो हसला. गुडघ्यांवर थाप मारली. तीही हसली, आणि हसता हसता ताडकन उठली.

"मग चला, उठा. ट्रॅव्हलवाल्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत गाठायचंय. सगळी तिकिटं बदलायचीत."

"अगं, थांब. बुडबुडे येतायत. वर येतंय ते."

पण ती केव्हाच फाटकाशी पोचली होती.

"येते, माई," तिथूनच तिनं हात जोडले.

माई पोट धरून हसायला लागली.

"अगं बाई, आलीस कधी?"